दोन खड्डे

आमच्या मळ्याच्या ओढ्याकडच्या तुकड्यात जानेवारीत मी खड्डा मारायला घेतला, तेव्हा आप्पांना वाटलं पोरगी बोअरला जागा बघतेय. तात्या म्हणाले, निचऱ्याच्या पाइपासाठी असणार. आईनं कारण विचारलंच नाही. "रेडकू मोकळं असतंय, खड्डा रातचा उघडा ठिऊ नको," एवढं सांगून ती वैरणीला गेली.

खरं कारण सांगायला जरा लाज वाटत होती. सप्टेंबरात असाच एक खड्डा मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाइनच्या रानात मारला होता आणि तिथं एक ठळक चूक केली होती. ती चूक झाली ती आमच्या याच तुकड्यामुळं. म्हणून सुट्टीला घरी येताना ठरवूनच आले होते की मातीच्या नोंदींचा तोच तक्ता, तीच पट्टी, तोच चाकू घेऊन इथंही एकदा नीट खाली उतरायचं.

तुकडा कसा आहे ते आधी सांगते. वाळवा तालुका, कृष्णाकाठ. जमीन काळी, आजोबांच्या वेळी शाळू-हरभरा पिकवणारी. मग पाणी आलं, ऊस आला, सऱ्या तुडुंब भरायची सवय लागली. ओढ्याकडचा सखल भाग आधी चिबड झाला, म्हणजे पाणी मुरून कायम ओला राहू लागला, आणि मग पांढरा पडला. उन्हाळ्यात सकाळी गेलं तर कुणी मैदा चाळून टाकलाय असं दिसतं. आमच्याकडं त्याला 'मीठ फुटलं' म्हणतात. मातीत पांढरं दिसलं की मीठ, हे माझ्या डोक्यात पाढ्यासारखं बसलेलं. कृषी पदवीनंतर दोन वर्षं एका साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत काढली, तिथंही तेच. पांढरट नमुना आला की आधी क्षार मोजायचे, जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, निघाली तर जिप्सम सुचवायचं.

हे डोकं घेऊन मी मृदाशास्त्राचं पुढचं शिकायला गेले, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या प्राध्यापक बाईंनी आम्हाला मॉन्टेग्यू गावाजवळच्या रानात नेऊन सोडलं.

ते रान इतकं सपाट आहे की वाटावं, कुणी लेव्हल लावून केलंय. भोवती डोंगर, मध्ये हे ताट, आणि पायाखाली वाळू. समुद्र तिथून शंभर किलोमीटरहून लांब. मग एवढी वाळू आली कुठून, हा माझा पहिला प्रश्न.

ती एका तळ्याची वाळू आहे. तळं आता नाही. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवर पसरलेला बर्फ वितळत उत्तरेकडं हटत होता. हिमनदी म्हटल्यावर मी हिमालयातल्या दरीतली बर्फाची जीभ डोळ्यांपुढं आणली होती. हा प्रकार निराळा. डोंगरमाथ्यांसकट सगळं झाकणारा, किलोमीटरहून जाड बर्फ. वितळत्या पाण्याबरोबर आलेल्या गाळानं दक्षिणेला, आज कनेक्टिकट राज्यातलं रॉकी हिल गाव आहे तिथं, खोऱ्याला बांध घातला आणि मागं पाणी तुंबलं ते ३०० किलोमीटरहून लांबवर. कोयनेचा शिवसागर पन्नास-साठ किलोमीटर असेल, तसे पाच-सहा एकापुढं एक ठेवा. या तळ्याला आता हिचकॉक सरोवर म्हणतात. एडवर्ड हिचकॉक हे तिथल्याच ॲमहर्स्ट कॉलेजचे एकोणिसाव्या शतकातले भूशास्त्रज्ञ, त्यांच्या नावावरून.

तळ्याच्या बुडाशी दर वर्षाची एक जोडी साचत गेली. उन्हाळ्यात आलेला जाडसर, फिका थर आणि हिवाळ्यात वरचं पाणी गोठल्यावर खाली शांतपणे बसलेली बारीक, गडद चिकणमाती. १९२२ साली अर्न्स्ट अँटेव्हस या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं या खोऱ्यातल्या अशा जोड्या मोजून चार हजारांच्या आसपास वर्षांचा हिशेब मांडला. आपला सातबारासुद्धा एवढा मागं जात नाही.

मॉन्टेग्यूला मात्र ती चिकणमाती वर दिसत नाही. तिथं डोंगरातली नदी तळ्यात शिरत होती. हे मला शिकवावं लागलं नाही. २०१९च्या महापुरात आमच्या मळ्याचा बांध जिथं फुटला, तिथं पाणी ओसरल्यावर फूटभर वाळू होती. तिथून दोनशे पावलं आत, विहिरीपाशी, लोण्यासारखा गाळ. पाण्याचा वेग मोडला की आधी जड ते खाली बसतं, हलकं ते पुढं जातं. मॉन्टेग्यूचं रान म्हणजे तो बांध फुटलेला कोपरा, फक्त शेकडो वर्षं फुटत राहिलेला.

आता खड्डा. आधी कपड्यांचं प्रकरण. पँट मोज्यांत खोचायची, बाह्या खाली, कारण हरणांवरची गोचीड. आमच्या म्हशीच्या गोचिडी आई रॉकेलचा बोळा लावून काढते. तिथं ती चावली आणि उशिरापर्यंत चिकटून राहिली तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावर काखेत-गुडघ्यामागं आरशात बघायचं. मातीशास्त्राच्या कुठल्याही धड्यात हे नव्हतं.

झाडं मुख्यतः पिच पाइन. एका जुडीत तीन सुया, खोडाची साल जाड, जळकट, आणि चक्क खोडातूनच हिरवे कोंब फुटलेले. आगीनंतर फुटतात म्हणे. तिथं मधूनमधून ठरवून आग लावतात, नाहीतर ही झाडं मागं पडून दुसरी सावलीतली पुढं येतात. खाली छातीएवढे खुजे ओक आणि त्यांच्याही खाली रानटी ब्लूबेरी. मी दोन-चार खाल्ल्या. आपल्या करवंदापुढं काही नाही.

बाईंनी जागा दाखवली, मैदानाच्या कडेला, उताराजवळ. पहिलं काम खणायचं नव्हतं. वरचा पालापाचोळा थराथरानं उचलायचा होता. सगळ्यात वर यंदाच्या सुया, अख्ख्या. त्याखाली तुटक्या, काळपट, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवल्यासारख्या. त्याखाली काळा मऊ भुगा, चहाच्या चोथ्यासारखा. तिन्ही मिळून चार बोटं. त्या चार बोटांतच मुळांची एवढी जाळी होती की चाकूनं कापून चटईसारखी उचलावी लागली. कारण नंतर कळलं: खालच्या वाळूत झाडाला खायला जवळजवळ काही नाही. अन्न धरून ठेवायची मातीची जी ताकद मोजतात, ती आमच्या काळ्या मातीत चाळीस-पन्नासच्या घरात येते, या वाळूत पाचाच्याही खाली. जे काही आहे ते या चोथ्यात. म्हणून झाड स्वतःच टाकलेलं पुन्हा उचलून खात असतं.

खणायला वाळू म्हणजे सुख, असं पहिली दहा मिनिटं वाटलं. खोरं लोण्यात गेल्यासारखं जातं. मग खड्ड्याच्या भिंती ढासळायला लागल्या. मी खणतेय, वाळू परत येतेय. माझ्या जोडीला कोलंबियाची एक मुलगी होती. ती शांतपणे म्हणाली की खड्डा खोल करायचा तर आधी रुंद कर. आमच्याकडं विहिरीचा उकिरही असाच पायऱ्यांनी उतरवतात, हे मला माहीत असून सुचलं नव्हतं. उन्हाकडं तोंड असलेली भिंत अभ्यासाला ठेवली, बाकी तीन बाजूंनी मोकळं केलं. चाकूच्या टोकानं भिंत वरून खाली खरवडली, खोऱ्याचे ओरखडे काढले, पाण्याचा हलका फवारा मारला. आणि तो पट्टा दिसला.

काळ्या चोथ्याच्या लगेच खाली, तीन बोटं जाड, राखेच्या रंगाचा. काही ठिकाणी जवळजवळ पांढरा. खालची कड लाटेसारखी, मुळांच्या जागी जिभेसारखी खाली उतरलेली. आणि त्याच्याखाली एकदम गंजासारखा तांबूस थर, वर गडद, खाली फिका होत फूटभर गेलेला. मग पिवळी वाळू.

मी तक्त्यात लिहिलं: क्षारांचा थर. पेन थांबलासुद्धा नाही. वर कंसात लिहिलं, सखल भागातून क्षार वर आले असावेत. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, कारण आम्ही सखल भागात नव्हतोच, कडेला उभ्या होतो.

बाई आल्या, वाचलं, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मीठ आहे ना, मग चाखून बघ. मी चिमूटभर जिभेला लावली. काही नाही. दातांत कचकच फक्त. त्यांनी भिंग दिलं. राखाडी थरातले कण काचेसारखे स्वच्छ होते, घासून धुतलेले. तांबूस थरातले कण बघितले तर प्रत्येकावर तपकिरी साय. मग सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) मोजला: चोथ्याखाली ४.२, दोन फुटांवर ४.९. विरळ केलेलं ॲसिड टाकलं, एक बुडबुडा नाही. चुन्याचा मागमूस नाही, मीठ तर नाहीच.

त्या पट्ट्यात काही आलेलं नव्हतं. त्यातून गेलं होतं. वर पडलेल्या पाइनच्या सुया कुजताना आम्लं तयार होतात. पाऊस त्यांना घेऊन खाली उतरतो. ती आम्लं वाळूच्या कणांवरचं लोह आणि ॲल्युमिनियम सोडवून घेतात, थोडं खाली नेतात आणि तिथं टाकतात. रंग जाणारी साडी बादलीत घडीनं भिजत घातली तर वरची घडी फिकी पडते आणि खालच्या कपड्याला तांबूस डाग बसतो, तसं. जगभर या प्रकाराला रशियन नाव आहे, पॉडझॉल. 'पॉड' म्हणजे खाली, 'झोला' म्हणजे राख. बाईंनी लगेच हेही सांगितलं की ही माती पुरती पॉडझॉल नव्हे, त्या वाटेवर थोडी चाललेली आहे. इथल्या अशा वाळूसर मातीला विंडसर म्हणतात, कनेक्टिकटमधल्या एका गावावरून.

मला मात्र तिथं बसल्या बसल्या आमचा ओढ्याकडचा तुकडा दिसत होता. आमच्याकडं वर्षाला साठ-सत्तर सेंटिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि ऊन त्याच्या कितीतरी पट पाणी उडवून नेणारं. पाटाचं पाणी पाजून पाजून खालची पातळी वर आलेली. मातीतलं पाणी केसासारख्या छिद्रांतून वर चढतं, हवेत उडून जातं, मीठ मागं ठेवतं. मॉन्टेग्यूला वर्षभर पाऊस किंवा बर्फ, एकशे दहा सेंटिमीटरच्या वर, हवा थंड, माती चाळणी. पाणी फक्त खाली जातं. मी हातातली बाटली त्या वाळूवर उपडी केली, झाकण लावेपर्यंत पाणी गायब. दोन्हीकडं पांढरं दिसतं, आणि पाणी मात्र एकमेकांच्या उलट दिशेनं चाललेलं असतं.

बाकीचे रकाने पटापट भरले. पोत: वाळू. ओल्या मातीची गोळी करायला गेलं तर लाडू वळतच नाही, उलगडून बोटांतून सांडतो. रचना: काही नाही, सुटे कण. घनता मोजायचं पोलादी कडं ठोकलं आणि बाहेर काढलं तर नुसतं कडं हातात, आतली वाळू खड्ड्यात. चौथ्या वेळी खालून पत्रा सरकवल्यावर जमलं. तळाच्या पिवळ्या वाळूत बारीक तिरप्या रेषा होत्या, एकेक रेघ म्हणजे तळ्यात शिरणाऱ्या पाण्यानं टाकलेला एकेक हात. मधेच अभ्रक चमकत होतं. कृष्णेची वाळू काळसर, बेसॉल्टची. ही ग्रॅनाइट नि त्याच्या भाऊबंदांची.

दुसरा खड्डा आम्ही मैदानावर, पहिल्यापासून दोनशे पावलांवर घेतला. तीच झाडं, त्याच सुया, तीच वाळू. इथं राखेचा पट्टा नव्हता. वरपासून सात-आठ इंचांपर्यंत एकसारखी तपकिरी माती आणि तिची खालची कड पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. मी सामू मोजला, रंगांच्या पुस्तकातल्या चौकटींशी ढेकूळ जुळवलं, सगळं लिहिलं. बाईंनी विचारलं, ही रेघ कशाची? मी म्हटलं, पाण्याची पातळी असेल. त्यांनी मान हलवली आणि उत्तर न देता पुढच्या जोडीकडं गेल्या. अर्ध्या तासानं त्यांनीच सांगितलं. तेवढ्यासाठी हा खड्डा लक्षात ठेवा. पुढं आप्पा येतात.

परतताना शेजारच्या डोंगरातून गेलो तर दाट जंगलाच्या मधोमध दगडी ताली. सरळसोट, गुडघ्याएवढ्या, दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याचा, हा बहुतेक भाग शेती नि कुरणांचा होता. मग पश्चिमेकडं चांगली जमीन मिळाली, गावाजवळ गिरण्या निघाल्या, माणसं गेली, रान माजलं. वाळूच्या मैदानात दगडच नाहीत, म्हणून तिथं ताली नाहीत.

खड्डे बुजवताना नियम असा की जी माती ज्या क्रमानं काढली त्याच्या उलट क्रमानं परत, खालची आधी, वरची शेवटी. म्हणून ताडपत्रीवर प्रत्येक थराचा ढीग वेगळा ठेवलेला असतो. शेवटी मुळांची चटई वर ठेवून पायानं दाबायची.

आप्पांनी फोनवर मूठभर वाळू मागितली होती. परक्या देशाची माती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, २००३च्या वनस्पती संगरोध आदेशात तसं स्पष्ट आहे. रोग नि कीड मातीतूनच येतात, नियम बरोबर आहे. पण घरी सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "सोनं आणू देत्यात, माती न्हाई."

तर जानेवारी, ओढ्याकडचा तुकडा. इथं खणायचं सुख वगैरे काही नव्हतं. वरचं वितभर पहारेनं फोडावं लागलं, ढेकळं दगडासारखी. त्याखाली ओल लागली की खोऱ्याला चिकटायची. एक खोरं मारायचं आणि काठीनं खरडून माती काढायची. तिकडं जे काम पाऊण तासाचं, त्याला इथं आप्पा, तात्या आणि मी मिळून सकाळ गेली. भिंती मात्र कोरीव लेण्यासारख्या उभ्या राहिल्या. एक कण ढासळला नाही.

तक्ता तोच. रंग: काळा-करडा, वरपासून तीन फुटांपर्यंत जवळपास एकच, थर कुठं संपतो ते बोटानं दाबून ठरवावं लागतं. पोत: लाडू कसला, बांगडी वळून हातात घालता येईल. दोन फुटांखाली ढेकळं फोडली की बाजू तूप चोळल्यासारख्या चकाकत होत्या, वर तिरपे ओरखडे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि फुगताना एक भाग दुसऱ्यावर घासतो, त्याची ती झिलई. मधे चुनखडीचे खडे. बाथरूम धुवायचं ॲसिड पाण्यात विरळ करून थेंब टाकला तर सोडा वॉटरसारखं फसफसलं. तात्या मागं सरले. "आरं बाप," म्हणाले, "पोटात आम्ल झाल्यागत करतीया." वरच्या पांढऱ्या पापुद्र्याचा सामू ८.६. त्याची चव मी बघितली नाही, आप्पांनी बघितली. थुंकले आणि म्हणाले, "मीठच."

मी पेनानं लिहिलं: क्षार. या वेळी बरोबर होतं.

सव्वादोन फुटांवर, भिंत खरवडताना, चाकूच्या टोकाला काहीतरी टिक् करून लागलं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. या खोलीवर नांगर कधी गेलेला नाही. तात्यांना नवल वाटलं, आप्पांना नाही. "भेगंतनं गेलीया," ते म्हणाले. बहात्तरच्या दुष्काळात या तुकड्यात अशा भेगा पडलेल्या की त्यांचा पाय घोट्यापर्यंत अडकला होता. उन्हाळ्यात भेग पडते, वरचं त्यात पडतं, पावसाळ्यात भेग मिटते. वर्षानुवर्षं असं चाललं की वरचं खाली, खालचं वर. आमची माती स्वतःच स्वतःला नांगरते आणि काही लक्षात ठेवत नाही.

दुपारी बांधावर भाकरी खाताना मी मोबाइल काढला. पहिल्या खड्ड्याचा फोटो दाखवला, राखेचा पट्टा. आप्पा लगेच म्हणाले, "मीठ फुटलंय की तिथंबी." मला हसू आलं आणि बरंही वाटलं. मग साडी, बादली, सुया, सगळं सांगितलं. तात्यांनी विचारलं की आपल्याकडं कधी असला बर्फ होता का. आमच्या या काळ्या दगडाच्या प्रदेशात नाही. हा दगडच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा भारत कुठं होता ते विचारू नका. तात्यांनी विचारलंच. त्यात भाकरी गार झाली.

मग दुसऱ्या खड्ड्याचा फोटो. मी काही सांगायच्या आत आप्पांनी फोन हातात घेतला, उन्हाकडं पाठ केली, डोळे बारीक केले.

"हितं नांगर चाललाय."

मी म्हटलं, कशावरून?

"ही रेघ बघ की. एवढी सरळ रेघ नांगराबिगर कोण मारतंय? बैलाचा नांगर, लोखंडी. ट्रॅक्टरचा खाली गेला असता." मग झाडं बघून म्हणाले, "आणि मग सोडून दिलंय रान. लई वर्सं झाली."

बाईंनी अर्ध्या तासानं मला जे सांगितलं होतं ते हेच. त्या मैदानात पूर्वी शेती होती, घोडे-बैल लावून नांगरलेली. सात-आठ इंचांचा तपकिरी थर म्हणजे नांगरट. नांगरानं राखेचा पातळ पट्टा वरच्या चोथ्यात कालवून टाकला, म्हणून तो तिथं दिसत नाही. शंभराहून जास्त वर्षं वर पाइन वाढताहेत तरी रेघ हललेली नाही. ती पुसायला आपल्याकडं गांडुळं असतात. तिकडं हिमयुगाच्या बर्फानं मूळची गांडुळं संपवली. आज जी आहेत ती बहुतेक युरोपातून आलेल्यांची पिल्लावळ, आणि एवढ्या आंबट वाळूत तीही फारशी फिरकत नाहीत. भेगा तर पडतच नाहीत. पाणी धरत नाही, खत धरत नाही, लाडू धरत नाही अशा त्या वाळूनं एका माणसाची नांगरट धरून ठेवली होती. मी कृषी पदवीधर, मला ती पाण्याची पातळी वाटली.

त्याच खोऱ्यात, त्याच जातीच्या वाळूसर जमिनीत सिगारच्या वरच्या पानाची तंबाखू होते, हे कळल्यावर आप्पांनी फोटो पुन्हा मागितला. त्यांचं अर्ध तारुण्य निपाणीच्या बाजाराला गाडी जोडण्यात गेलंय. "वाळूत तंबाखू?" असं म्हणून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पान पातळ येत आसंल." हे मला तपासून बघायचंय.

साडेचार फुटांवर आमच्या खड्ड्याला ओल सुटली. खणणं थांबवलं. आईच्या सांगण्याप्रमाणं वर पत्रा टाकला, त्यावर दगड. सकाळी पत्रा काढला तर आत पाणी, वरून तीन फूट दोन इंचांवर. काठीला खिळ्यानं खूण केली. खिशातल्या मीटरनं पाण्यातले क्षार मोजले, ६.१ डेसिसायमन प्रति मीटर आले; आकडा जेवढा मोठा तेवढे क्षार जास्त. मातीच्या अर्कात ४ च्या वर गेलं की जमीन खारवट धरतात, आणि ऊस त्याच्या आधीच मार खायला लागतो. आप्पांना आकडा सांगितला, त्यांनी काठीकडं बघितलं.

पुढं सहा दिवस रोज सकाळी काठी बघायची हा कार्यक्रम झाला. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी खोडव्याला पाणी सोडलं आणि पाचव्या दिवशी आमच्या खड्ड्यातलं पाणी चार बोटं वर. आम्ही त्या उसाला हातही लावला नव्हता. तात्या म्हणाले, निचऱ्याचे पाइप एकट्यानं घालून भागायचं नाही, ओढ्यापर्यंतचे सगळे शेजारी पाहिजेत. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातली माणसं एकदा गावात येऊन हेच सांगून गेली होती, तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. या वेळी तात्यांनी काठी उचलली आणि घेऊन गेले वरच्या अंगाला, दाखवायला. काय झालं ते विचारलं तर म्हणाले, "बघू म्हणालेत."

सातव्या दिवशी खड्डा बुजवला. मी सवयीनं खालची माती वेगळी, वरची वेगळी ठेवली होती. तात्यांना ते खुळेपणाचं वाटलं, कारण तिन्ही ढीग एकाच रंगाचे. आप्पांनी मात्र विचारून विचारून क्रमानंच टाकली. बांगडीचा तुकडा आईनं धुऊन देवळीत ठेवला. तिच्या सासूबाई हिरव्याच भरायच्या, पण गावात सगळ्याच भरायच्या.

तक्त्यात शेवटचा रकाना उरला होता, जमिनीचा वापर. तिकडच्या दुसऱ्या खड्ड्याला मी लिहिलेलं: जंगल, पूर्वी शेती. इथं 'पड' लिहायला घेतलं, तर आप्पा शेजारी उभे होते.

"पड नगं लिहू."

"मग काय लिहू? तीन वर्षं काही नाही यात."

"ऊस लिही."

"ऊस कुठंय, आप्पा?"

त्यांनी खोऱ्याची माती काठीनं काढली, खोरं खांद्यावर टाकलं. "शाळू लिही मग," म्हणाले, आणि धारेला उशीर होतोय म्हणून घराकडं निघाले. रकाना मी पेन्सिलीनं भरला.